कारंटीन आणि सागाचा उंबरठा

हेरंबराव नवलकरांच्या घरी शेवंता कोळीण कितीतरी वर्षे मासळी घालत होती, पण तिला त्यांनी नीट पाहिले ते एकदम पौषातल्या त्या सकाळी. तोवर ती त्यांना आवाजाने ठाऊक होती. ते आत आरशापुढे दाढी करत असायचे आणि गिरगावच्या त्या चाळीच्या जिन्यातून आवाज वर यायचा, "बाऽय, बोंबील हायत ताजे!"

"कालचे नाहीत ना गं?" हेरंबरावांच्या पत्नी आनंदीबाई विचारायच्या.

"कालचे तुज्याकं कशाला आनू? कालचे मी भांडकुदळ गिऱ्हाईकांना देतंय. ते खालच्या मजल्याव रातान."

पाठारे प्रभूंचे घर. मासळीवाचून जेवण पुरे व्हायचे नाही. त्यामुळे हा संवाद सोमवार-गुरुवार सोडून रोजचा. हेरंबराव तो ऐकून न ऐकल्यासारखे करत आणि कचेरीला जात.

त्या सकाळी मात्र आवाज हळू आला. "बाय, भावाला जरा भायेर बोलवशील?"

हेरंबराव एका गालावर साबण तसाच ठेवून गॅलरीत आले. चाळीतली निम्मी बिऱ्हाडे गाठीच्या तापाच्या भीतीने गावी निघून गेली होती. कुलपांच्या त्या रांगेपुढे शेवंता उभी होती. चाळिशी ओलांडलेली, काटक, लुगडे घट्ट आवळलेले, डोक्यावर टोपली. उभी असूनही ती या पायावरून त्या पायावर झुलत होती. होडीत उभे राहणाऱ्यांना तशी सवय लागते. पण डोक्यावरची टोपली तसूभर हलत नव्हती.

"टोपली उतरव आधी," आनंदीबाई म्हणाल्या.

"नको बाय. उतरवली का बसावासा वाटतो, न बसला का इचार येतान." मग ती हेरंबरावांकडे वळली. "भाव, तू इटालीच्या बोटीच्या हापिसान हाईस ना? माजा पोऱ्या जगन त्या बोटीव गेलाय. भट्टीन कोलसा लोटाला. आमी दर्याची मानसा, न हा जाऊन आगीन बसला. मना म्हनला, आये, दर्याचा पलीकडचा काठ बघून येतंय. बोट पोचली का?"

बोट पोचल्याची तार अजून आली नव्हती. तसे त्यांनी सांगितले.

"आली का सांगशील?"

"सांगेन."

"बाय, याच्या तोंडाव साबन वालला," शेवंता आनंदीबाईंना म्हणाली आणि जिना उतरून गेली. हेरंबराव दाढी पुरी करायला आत गेले, पण त्यांचे लक्ष बराच वेळ त्या झुलणाऱ्या पायांकडेच होते.

तार आली ती आठवड्याभराने. फोर्टमधल्या बोटकंपनीच्या कचेरीत तारा उलगडून त्यांची नोंद करायचे काम हेरंबरावांचेच होते. तारेत मजकूर थोडा होता. मुंबईहून आलेली बोट इटलीच्या किनाऱ्याजवळ एका बेटापाशी अडवली आहे, बोटीवर आजारी आहेत, क्वारंटीन. बस. आजारी कोण, किती, कशाने, काही नाही.

क्वारंटीन हा शब्द त्या दिवसांत मुंबईत पोराटोरांच्या तोंडी होता. लोक त्याला कारंटीन म्हणत आणि म्हणताना आवाज खाली आणत. आगगाडीच्या स्टेशनांवर कारंटीन, बंदरावर कारंटीन. तिकडे नेलेला माणूस परत येत नाही, असे भाजीबाजारात बोलले जाई. हेरंबरावांना शब्दांची फार हौस. कोणताही शब्द कानावर पडला की तो कुठून आला याची चौकशी केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. या हौसेपायी ते कितीदा तरी कोथिंबीर विसरून घरी आले होते आणि आनंदीबाईंनी त्यांना तसेच परत पाठवले होते.

कचेरीत व्हेनिसचा एक म्हातारा कप्तान होता. डोळे अधू झाल्यावर समुद्र सोडून तो मुंबईला राहिला होता आणि कंपनीचा माल तपासायचे काम करत होता. हेरंबरावांनी त्याला तार दाखवली आणि विचारले, "हा शब्द इंग्रजांचा काय?"

कप्तान दुखावल्यासारखा झाला. "इंग्रजांचा? आमच्या घरातला शब्द आहे तो! क्वारांता म्हणजे चाळीस. बाजारात अंडी घेताना आमच्याकडची म्हातारी क्वारांता म्हणते. चाळीस दिवस, ते क्वारांतेना. फार जुनी गोष्ट आहे. पूर्वेकडून जहाजे यायची, माल यायचा आणि मरीही यायची. मग आमच्या लोकांनी ठरवले की गावाबाहेरच्या बेटावर थांबा, आणि मगच गावात या."

"पण चाळीसच का?"

"चाळीस दिवस आमच्या प्रभूने रानात उपास केला. चाळीस दिवसांत माणूस शुद्ध होतो असे आमच्या बायाबापड्या मानतात. वैद्यांना तरी कुठे काय कळत होते?" कप्तान हसला. "आणि खरे सांगायचे तर पहिल्यांदा चाळीसही नव्हते. आमच्या समोरच्या किनाऱ्यावर एक बंदर आहे, त्यांनी हा कायदा आधी केला, तेव्हा तीस दिवस होते. त्रेंता म्हणजे तीस. पुढे तिसाचे चाळीस झाले. आता डॉक्टर सांगेल तितके. कधी दहा, कधी जास्त. शब्द मात्र चाळिसावरच राहिला. आता तो कोण बदलणार?"

हेरंबरावांना एवढा आनंद झाला की ट्राममध्ये ते स्वतःशीच क्वारांता, क्वारांता म्हणत घरी आले. ज्या शब्दाला सगळे शहर भीत होते तो निव्वळ एक आकडा निघाला होता.

दुसऱ्या दिवशी शेवंता आली तेव्हा ते स्वतःच गॅलरीत जाऊन उभे राहिले. बोट अडवली आहे, बोटीवर आजारी आहेत, हे त्यांनी तिला सांगितले. कारंटीन हा शब्द ऐकताच तिचे पाय थांबले. टोपलीवरचा हात खाली आला.

ते हेरंबरावांना बघवेना. ते घाईघाईने म्हणाले, "अगं, घाबरायचं काही नाही. त्या शब्दात भिण्यासारखं काहीच नाही. इटलीच्या भाषेत त्याचा अर्थ नुसता चाळीस दिवस. परगावची बोट आली की तिला चाळीस दिवस बाहेर थांबवायचं आणि मग आत घ्यायचं. बस, एवढंच."

तीस दिवस, दहा दिवस, डॉक्टरची मर्जी हे सगळे त्यांनी गाळले. भेदरलेल्या माणसाला सोपे तेवढेच सांगावे, असे त्यांना वाटले.

"चालीस?" शेवंता म्हणाली. तिच्या तोंडावर हळूहळू हसू पसरले. "म्हंजे बोट बालंत झाली काय, भाव?"

आत आनंदीबाईंना हसू आवरेना.

"हसू नको बाय! माजी सून तुलसा बालंत झाली ना, परवाच. पोरगी झाली. आता चालीस दिवस ती उंबऱ्याभायेर पाय टाकाची नाय. इथं सून आत, न तिथं पोऱ्या आत." तिने पदराने कपाळ पुसले. "चालीस दिवस मना ठावं हाय. मी सोता काढलेन. आत जाताना मानूस अर्धा मेलेला आसतो, न चालीस झाले का धुऊन-पुसून भायेर येतो. मंग कसला भ्या?"

त्या दिवशी तिने मूठभर कोलंबी जास्तीची टाकली आणि जिना उतरताना काहीतरी गुणगुणली. हेरंबराव दिवसभर खुशीत होते. आपल्या हौसेचा कुणाला तरी उपयोग झाला, ही गोष्ट त्यांच्या आयुष्यात तशी नवीन होती.

माघ लागला तसा ताप वाढला. चाळीत आणखी कुलपे दिसू लागली. माझगावच्या कोळीवाड्यात उंदीर मरून पडू लागले. आधी सुकटीच्या कोठाराशी, मग घरांच्या आढ्यांवरून. उंदीर पडले की माणसे पडणार, हे एव्हाना सगळ्यांना कळले होते. कोळ्यांनी ठरवले की वाडा सोडायचा आणि शिवडीच्या मोकळ्या जागेत झावळ्यांच्या झोपड्या घालून राहायचे. शिवडीला त्यांचे सोयरे होते. होड्या होत्या. एकेक घर पाण्यावरून निघू लागले.

हे सगळे शेवंतानेच सांगितले, उभ्याउभ्या, टोपली न उतरवता. आता तिचे झुलणे वाढले होते. बोलता बोलता ती गॅलरीच्या टोकापर्यंत जाई आणि परत येई.

"मग तू कधी निघणार?" आनंदीबाईंनी विचारले.

"मी? मी कशी निघंन, बाय? तुलसाचे चालीस कुटं झालेन?"

"अगं, पण उंदीर पडताहेत ना?"

"पडूं दे. आमच्या घरान नाय पडले."

"तुझ्या घराला वेगळं दार आहे का उंदरांना? बाळंतिणीला पालखीत घालून ने, हवं तर. देव समजून घेईल."

शेवंता थांबली. मग म्हणाली, "देवाचा नाय, बाय. तुला ठावं नाय काय? भावाने सांगितलाय. जगनचे चालीस न तुलसाचे चालीस एकदम लागलेन. मी दोघांची गाठ मारलेली हाय. हिने इथं आंधीच पाय भायेर टाकला, तर त्याचा तिथं काय व्हईल? तो अर्ध्यावर कसा सुटंल? माजा एकच पोऱ्या हाय."

ती गेल्यावर आनंदीबाई बराच वेळ मासळी हातात धरून बसल्या. हेरंबराव कचेरीतून आले तेव्हा त्यांनी पान वाढले, पण वरण वाढता वाढता हात थांबवला.

"अहो, तुम्ही तिला काय सांगून बसलात?"

सगळे ऐकून हेरंबरावांनी घास परत पानात ठेवला. "मी तिला धीर देण्यासाठी सांगितलं."

"धीर आला तिला. एवढा आला की आता ती तिथून हलेना. तिकडे बोटीवर खरंच चाळीस दिवस ठेवणार आहेत का?"

हेरंबराव पानातला भात चिवडू लागले.

"म्हणजे नाही," आनंदीबाई म्हणाल्या. "म्हणजे तुम्हाला तेव्हाही ठाऊक होतं."

त्या रात्री हेरंबरावांना झोप लागली नाही. सकाळी कचेरीत गेल्या गेल्या त्यांनी कप्तानाला गाठले. बोट केव्हा सुटेल? कप्तानाने खांदे उडवले. कदाचित उद्या. कदाचित महिन्याने. आजाऱ्यांवर आहे सगळे. नवी तार नव्हती. हेरंबरावांनी जुनी तार पुन्हा काढून वाचली, जणू आता तिच्यात आणखी काही उमटले असेल. मग पोटात दुखते असे सांगून दुपारीच कचेरी सोडली. नोकरीत ही सबब त्यांनी आजवर कधी वापरली नव्हती.

"मी माझगावला जातो," घरी येऊन ते म्हणाले.

आनंदीबाईंनी शाल अंगावर घेतली होती. "मीही येते. दारात उभे राहून तुम्ही बाळंतिणीशी बोलणार आहात का? आणि शेवंता तुमचं ऐकून घेणार नाही. तुमचं ऐकूनच तर हे झालं."

"तापाचं गाव आहे ते."

"म्हणूनच म्हणते, चला लवकर."

भायखळ्यापर्यंत ट्राम मिळाली, पुढे ते पायी गेले. कोळीवाड्यात शिरताच आनंदीबाईंनी पदर नाकाला लावला, पण वास मासळीचा नव्हता. चुन्याचा आणि जळक्या चिंध्यांचा होता. एरवी बांबूंवर वाळणारी जाळी कुठेच नव्हती. दारे उघडी, आत काही नाही. एका ओट्यावर कुणाचे तरी तुटके पाळण्याचे फळकूट पडले होते. एक कुत्रे त्यांच्या मागे लागले आणि कंटाळून परत गेले.

पाण्याच्या बाजूला एकच होडी राहिली होती. तिच्यात शेवंताचा दीर धर्मा बसला होता. त्याने यांना पाहिले आणि लांबूनच ओरडला, "तुमी सांगा हो तिला! भरती उतरतेय. चिखल उघडा पडला का होडी उद्याच निंगंल. न उद्या मी इथं नाय राहाचा, सांगून ठेवतंय! वैनी आसो नाय तर वैनीचा बाप!"

शेवंताचे घर शेवटचे. कुडाच्या भिंती, कौलांचे छप्पर, आणि दाराशी एक रुंद, काळाभोर उंबरठा. तो सागाचा होता. तिच्या सासऱ्याने माझगावच्या गोदीत मोडलेल्या गलबताची फळी आणून बसवला होता, आणि त्या घरात तेवढीच एक वस्तू घराहून भारी होती. बाळंतिणीच्या दाराशी कोळसे धुमसत होते, ओव्याचा धूर येत होता. शेवंता उंबरठ्याबाहेर येरझाऱ्या घालत होती.

"बाय, तू? इथं?" ती चपापली. "भाव, तार आली काय?"

"नाही," हेरंबराव म्हणाले. "तार नाही आली. मी तुला एक गोष्ट सांगायची राहिली होती, ती सांगायला आलोय."

आणि त्यांनी सगळे सांगितले. आधी तीस दिवस होते, मग चाळीस झाले. आता तितकेही राहिले नाहीत, कधी दहाच असतात. डॉक्टर सोडेल तेव्हा सुटायचे. शब्द जुना म्हणून त्यात चाळीस आहेत, बोटीच्या माथ्यावर ते कुणी लिहून ठेवलेले नाहीत. जगन कदाचित आजही सुटला असेल. कदाचित चाळीस उलटूनही सुटणार नाही. तुळसाच्या पावलाशी त्याचा काही संबंध नाही.

शेवंताच्या येरझाऱ्या थांबल्या. हेरंबरावांना तिच्या डोळ्याला डोळा देता येईना.

"मंग तवा का नाय सांगितला?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

"बरा वाटला," शेवंता म्हणाली. "भाव, लई बरा वाटला मना. इतके दिवस मी त्या चालिसाच्या जिवावर उभी हाय. आता तू येतोस न म्हनतोस, ते चालीस नायतच. मंग मी कशाव उभी राहू?"

आनंदीबाई दाराशी जाऊन आत डोकावल्या.

आतून बाळाचे रडणे आले, आणि मग तुळसाचा आवाज. बारीक, पण स्पष्ट. "आये, मना एक बोलाचाय. रागावू नको."

"बोल."

"परवापास्नं आढ्याव उंदीर धावत नायत. काल राती एक खाली पडला. पोरीच्या पाळन्याजवल. मी राखेन झाकून ठेवलाय."

"मना का नाय बोललीस?"

"तू म्हनली व्हतीस, आमच्या घरान नाय पडले. मना वाटला, तू बोललीस ते खरा ऱ्हावा."

शेवंताने दाराच्या चौकटीला हात लावला. ती आत गेली, राखेकडे पाहून आली आणि पुन्हा बाहेर उभी राहिली. आता ती झुलत नव्हती. पाण्याकडून धर्मा ओरडला, "वैनी! चिखल दिसाला लागला!"

"आयकू येतंय!" ती ओरडली. मग हेरंबरावांना म्हणाली, "भाव, त्या तुज्या इटालीवाल्यांनी तिशीची चालिशी केली, चालिशीची धाची केली. कोन बोलला काय त्यांना?"

"नाही. कुणी काही बोललं नाही."

"शब्द तोच ठेवला."

"हो. शब्द तोच ठेवला."

"मंग मी बी चालीस तेच ठेवतंय. सगले चालीस मोजंन. पन इथं नाय." ती वळली. "धर्मा! पहार घेऊन ये!"

"पहार कशाला? होडीन बसाचाय का खांब काढाचाय?"

"उंबरा काढाचाय!"

धर्मा चिखल तुडवत आला, त्याने एकदा वहिनीकडे पाहिले, एकदा आभाळाकडे. "हिला ताप चढला वाटतं," तो आनंदीबाईंना म्हणाला.

"ताप नाय. बालंतीन उंबरा ओलांडीत नाय चालीस दिवस. उंबराच तिच्या म्होरून चालला, तर ती काय ओलांडंल? तिला फकस्त त्याच्या मागं राहाचाय."

धर्माने हातातली पहार खाली टेकवली. मग आनंदीबाई म्हणाल्या, "अगदी बरोबर आहे. काढा."

उंबरठा काही सहज निघाला नाही. सासऱ्याने तो बसवला होता तो मोडायच्या बेताने नव्हे. धर्माने पहार घातली, हेरंबरावांनी कोट काढून खुंटीला लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा पहारेवर जोर लावला. लाकूड करकरले. कुडाच्या भिंतीची माती दोन्ही अंगांनी ढासळली. "सगला घरच घ्या ना होडीन," धर्मा कण्हत म्हणाला, "कौला तेवडी कशाला ठेवतान?" शेवटी फळी सुटली तेव्हा हेरंबराव मागच्या मागे कोळशांच्या शेगडीजवळ बसले आणि आनंदीबाईंनी त्यांना धोतराला धरून ओढले.

मग ती वरात निघाली. पुढे धर्मा आणि हेरंबराव, उंबरठा दोन टोकांना धरून, घोट्याइतका उंच. इतका वाकून चालल्यामुळे हेरंबरावांची पाठ भरून आली, पण शेवंता मागून ओरडत होती, "वर नको उचलू भाव, वर नको! उंबरा जमिनीला आसतो!" उंबरठ्यामागे तुळसा, डोक्याला फडके बांधलेले, पाऊल पाऊल टाकत, तिच्या कमरेला आनंदीबाईंचा हात. तिच्यामागे शेवंता, छातीशी नात. दोनदा तुळसाचे पाऊल फळीला लागले. दोन्ही वेळा शेवंताने सगळ्यांना थांबवले, तिला अर्धे पाऊल मागे घेतले आणि मग पुढे नेले. होडीच्या बुडाखालचे पाणी उथळ होत चालले होते. धर्मा सारखा पाण्याकडे पाही आणि ओठ चावी.

होडीत उंबरठा आडवा टाकला. तुळसा त्याच्या आतल्या बाजूला बसली. शेवंताने नात तिच्या मांडीवर ठेवली आणि स्वतः उंबरठ्याच्या बाहेर, नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या बाजूला उभी राहिली. धर्माने आणि हेरंबरावांनी मिळून होडी रेटली. ती दोनदा चिखलात रुतली, तिसऱ्यांदा सुटली.

"भाव!" शेवंताने पाण्यावरून हाक मारली. "तार आली का सांग! पन या वेली सगली सांग!"

हेरंबराव गुडघाभर चिखलात उभे होते. त्यांनी हात वर केला.

परतताना ट्राममध्ये लोक त्यांच्या धोतराकडे पाहत होते. गिरगाव जवळ आले तेव्हा आनंदीबाई म्हणाल्या, "कोट राहिला तिच्या खुंटीला." तो कोट मग तिथेच राहिला. कोळीवाड्यातली ती ओळ पुढे पालिकेच्या माणसांनी जाळून टाकली.

नवी तार माघाच्या मध्यावर आली. बोट सोडली होती. चाळीस दिवस व्हायला अजून बराच अवकाश होता. पण तारेत आणखी एक ओळ होती: भट्टीवरचा एक माणूस दगावला. नाव नव्हते. हेरंबरावांनी ती ओळ वाचली, आणि कप्तानाला नाव मिळेल का म्हणून विचारले. कप्तानाने मान हलवली. खलाशांची नावे तारेत कोण घालतो?

त्यांना ती ओळ गाळता आली असती. शिवडीला जाताना रस्ताभर ते हाच विचार करत होते. झावळ्यांच्या झोपड्यांत शेवंताची झोपडी ओळखायला वेळ लागला नाही. दाराशी जहाजाच्या फळीचा उंबरठा असलेली ती एकटीच होती. आतून बाळाचा आवाज येत होता. शेवंता सुकटीची राखण करत उन्हात येरझाऱ्या घालत होती.

हेरंबरावांनी सगळी तार सांगितली. बोट सुटली. एक माणूस गेला. भट्टीवरचा. नाव नाही.

शेवंताने ऐकून घेतले. "नाव नाय," ती म्हणाली.

"नाही. असतं तर सांगितलं असतं. या वेळी मी काहीच गाळलेलं नाही."

"ठावं हाय मना." ती पुन्हा चालू लागली. थोड्या वेळाने चालता चालताच म्हणाली, "तुलसाला मी सांगंन. तू जा, भाव. ऊन लागतंय तुला."

पुढचे दिवस कसे गेले ते हेरंबरावांनाच ठाऊक. शेवंता गिरगावात येत नव्हती. आनंदीबाई दुसऱ्या कोळणीकडून मासळी घेत आणि ती चांगली नाही म्हणत. तुळसाचे चाळीस दिवस शिवडीला पुरे झाले. विहिरीची पूजा झाल्याचे धर्माने येऊन सांगितले, आणि पाटीभर बोंबील देऊन गेला. जगनची बातमी त्यालाही नव्हती.

आधीच्या बोटीवरचे खलाशी घेऊन कंपनीची दुसरी बोट चैत्रात धक्क्याला लागली. खलाशी उतरत होते तेव्हा हेरंबराव कागद हातात घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभे होते. एकेकाला नाव विचारत होते. तसे करायचे काम त्यांचे नव्हते. एक हडकुळा, काळवंडलेला पोरगा खाली आला, आणि धक्क्यावर पाय ठेवताच या पायावरून त्या पायावर झुलू लागला. हेरंबरावांनी नाव विचारले नाही.

"शिवडीला जा," ते म्हणाले. "माझगावला नको. आई शिवडीला आहे."

जगन त्यांच्याकडे बघतच राहिला. "तुमी कोन?"

"जा तू आधी."

भट्टीवर जो मेला तो जगनच्या शेजारी झोपणारा, रत्नागिरीकडचा होता. त्याच्या घरी पत्र गेले का, याची चौकशी हेरंबराव पुढे कितीतरी दिवस करत राहिले. कप्तान शेवटी त्यांना टाळू लागला.

जगन पुन्हा बोटीवर गेला नाही. पलीकडचा काठ कसा होता म्हणून आनंदीबाईंनी एकदा विचारले, तर म्हणाला, "लांबून बघितला. उतरू दिला नाय." तो आणि धर्मा आता समुद्रात डोल जाळे टाकतात. नात पावले टाकू लागली आहे आणि दाराशी अडखळून पडते, म्हणून तुळसा चिडते. शेवंता गिरगावात पुन्हा येऊ लागली आहे. टोपली अजूनही उतरवत नाही.

माझगावला ती परत गेली नाही. ती शिवडीलाच राहते. घर कुडाचे आहे, उंबरठा सागाचा.